कानातली चुनखडी

अंतराळ आणि आपलं शरीर : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण हाडांची झीज आणि स्नायूंचा अशक्तपणा पाहिला. त्यावरून एक प्रश्न साहजिकच पुढे येतो. मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी पृथ्वीवर परतल्या, तेव्हा त्यांना यानातून बाहेर काढून स्ट्रेचरवर ठेवलं. ती दृश्यं आपल्याकडे घरोघरी पाहिली गेली आणि ‘पायातलं बळच गेलं बिचारीचं’ असा निष्कर्षही लगेच निघाला. तो अर्धाच खरा आहे. अवकाश स्थानकावरचे अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात; त्यांच्या पायांत उभं राहण्याइतकी ताकद शिल्लक असते. बिघडलेला असतो तो तोल, आणि तोलाचा कारभार पायांपेक्षा कान आणि मेंदूकडे जास्त आहे.

आधी वजनरहित अवस्था म्हणजे काय, ते पक्कं करू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, हा समज चुकीचा आहे. जमिनीवर जेवढं असतं त्याच्या जवळपास ९० टक्के गुरुत्वाकर्षण तिथेही असतं. तरीही माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि त्यातली माणसं एकत्र पडत असतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात पोरं विहिरीत उड्या टाकतात. काठापासून पाणी पाच मीटर खाली असेल, तर पोरगं सुमारे एक सेकंद हवेत असतं. तेवढा सेकंदभर ते जवळजवळ वजनरहित असतं. पोटात गोळा येतो तो त्यामुळेच. स्थानकाची उडी मात्र संपत नाही. ते तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगानं पुढे धावत असतं, त्यामुळे जेवढं खाली पडतं तेवढीच गोल पृथ्वीही त्याच्याखालून वळत जाते. पाण्यात पडल्यावर पोरगं तरंगतं, पण ते तरंगणं वेगळं. पाण्याखाली उलटं झालं तरी आपण उलटे झालो हे कळतं, कारण कानावरचा गुरुत्वाकर्षणाचा परिणाम तिथेही चालूच असतो.

आता कानात शिरू. ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच तोलाची यंत्रणा असते. तिचे दोन भाग. पहिल्या भागात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात; डोकं कुठल्या दिशेला वळलं, ते त्या सांगतात. दुसऱ्या भागात दोन लहान पिशव्या असतात. त्यांत मऊ पडद्यावर बारीक खडे पसरलेले असतात, साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. हे खडे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक चुन्याच्या रानात जी चुनखडी वेचतात, तिचा मुख्य घटकही हाच. डोकं कललं की खडे आपल्या वजनानं किंचित घसरतात, पडद्याखालच्या पेशींचे केस वाकतात आणि ‘खाली’ कुठे आहे, ते मेंदूला कळतं.

या खड्यांना एक मर्यादा आहे. डोकं मागे कलल्यामुळे खडे घसरले की गाडीनं अचानक वेग घेतल्यामुळे, यातला फरक त्यांना करता येत नाही. दोन्ही वेळा केस सारखेच वाकतात. खरं काय घडलं, ते मेंदू डोळ्यांकडून, नलिकांकडून आणि तळपायांवरच्या दाबावरून ताडतो. म्हणजे तोल हा चार साक्षीदारांची जबानी ऐकून दिलेला निकाल असतो. तुळजापूरच्या घाटात एसटीत मोबाइलवर वाचत बसलेल्याला गाडी लागते, ती या जबान्या जुळत नाहीत म्हणून. डोळे म्हणतात, सगळं स्थिर आहे. कान म्हणतो, वळणावर वळण चाललंय.

अंतराळात पोचताच या जबान्यांचा मेळ पुरता बिघडतो. खड्यांना वजन राहत नाही, त्यामुळे डोकं कितीही कललं तरी ते घसरत नाहीत. नलिका मात्र नेहमीसारख्याच चालू असतात. मान हलवली की नलिका ‘वळलो’ म्हणतात आणि खडे गप्प राहतात. तळपायांवर दाब नसतो. उरतात फक्त डोळे. म्हणून समोरचा सहकारी उलटा तरंगत आला, तर क्षणात आपणच उलटे झालो असं वाटू लागतं. स्थानकातले दिवे ठरावीक एका बाजूला बसवलेले असतात, ते डोळ्यांना निदान ‘छत’ तरी मिळावं म्हणून.

याचा पहिला फटका बसला तो सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव्ह यांना. ऑगस्ट १९६१ मध्ये ते दिवसभराहून थोडा अधिक काळ अंतराळात होते. त्यांना मळमळलं, आणि आपण उलटे लटकलो आहोत असंही वाटलं. तेव्हापासूनचा अनुभव असा, की अंतराळात जाणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतो. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मांनी सॅल्युत-७ स्थानकावर योगासनं केली. वजनरहित अवस्थेशी जुळवून घ्यायला शरीराला योगाची मदत होते का, हे त्यातून पाहायचं होतं.

अंतराळानं वैद्यकशास्त्राची एक जुनी समजूतही तपासून दिली. कानात शरीरापेक्षा गरम किंवा गार पाणी सोडलं की चक्कर येते आणि डोळे एका बाजूला झटके देतात, हे रॉबर्ट बारानी यांनी व्हिएन्नात दाखवलं होतं. पाण्यामुळे नलिकेतला द्रव तापतो किंवा थंड होतो, हलका-जड होऊन वाहू लागतो, असा त्यांचा खुलासा होता. या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. हलकं-जड हा भेद वजनामुळे होतो, तेव्हा वजनच नसेल तर डोळ्यांनी झटके द्यायला नकोत. १९८३ च्या अखेरीस कोलंबिया यानातल्या स्पेसलॅबमध्ये अंतराळवीरांच्या कानांत गरम हवा सोडली. डोळ्यांनी झटके दिलेच! बारानींचा खुलासा खोटा ठरला नाही, पण अपुरा ठरला. कानात पाणी सोडण्याची ही तपासणी कान-नाक-घसा विभागात आजही वापरतात.

चार दिवसांत मेंदू नव्या परिस्थितीला सरावतो. खड्यांची जबानी आली, तर ती कलण्याची नसून सरकण्याची आहे, असं तो मानू लागतो. तरी जन्मभराची सवय लवकर सुटत नाही. १९९८ च्या न्यूरोलॅब मोहिमेत अंतराळवीरांकडे वरून चेंडू सोडला, तो एकाच वेगानं येत होता. पण त्यांचे हात वेळेआधीच सरसावायचे. चेंडूचा वेग वाढत जाणार, हे गृहीत मेंदूनं सोडलेलं नव्हतं. परतल्यावर नेमकं उलटं होतं. जुलै २०२५ मध्ये परतलेले अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी स्वतःच सांगितलं, की लॅपटॉप तरंगत राहील अशा समजुतीनं त्यांनी तो पलंगाच्या कडेला सोडून दिला आणि तो खाली पडला.

स्ट्रेचरचं कारण हेच. परतलेल्या माणसानं मान कलवली, की मेंदूला तो आपण घसरत चाललो असा इशारा वाटतो. त्यामुळे पाय फाकून चालावं लागतं, कोपऱ्यावर वळताना भिंत धरावी लागते. बहुतेकांना पूर्ववत व्हायला दोनेक आठवडे लागतात. तेवढ्या काळात त्यांनी डोळे मिटून उभं राहणं, वळणं, पायरी चढणं यांचा रोज सराव करायचा असतो. सरावानं तोल परत येतो, हा या साऱ्याचा सर्वांत उपयोगी धडा आहे.

तो धडा आपल्या घरातही लागू पडतो. वय झाल्यावर कानातले काही खडे जागा सोडून नलिकेत शिरतात. मग कूस बदलताना, वर पाहताना घर गरकन फिरतं आणि मिनिटभरात थांबतं. आपल्याकडे याला पित्त किंवा अशक्तपणा म्हणून सलाईन लावण्याची घाई होते. डॉक्टर रुग्णाचं डोकं ठरावीक क्रमानं वळवून हे खडे परत जागेवर आणू शकतात. त्याला औषध लागतंच असं नाही. पण चक्कर येताना बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी वाटली, दोन-दोन दिसू लागलं किंवा चालताच येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. अशा वेळी वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘पडाल’ म्हणून दिवसभर खाटेवर बसवून ठेवू नका. हाताशी आधार ठेवून त्यांना रोज चालवा. न वापरलेला तोल जमिनीवरही हरवतो.

पुढच्या भागात : अंतराळात चेहरे का सुजतात आणि रक्त डोक्याकडे का धावतं.