पणजोबा पलटणीबरोबर आले म्हणतात, पण आले कुठून? घरातल्या पेटीपासून असा लावा शोध

शिरूर / दौंड : "आमचा मूळपुरुष इथला नाही. पलटणीबरोबर आला आन् इथंच राहिला." आपल्या भागात पारावर बसलं की असं सांगणारं एखादं घर भेटतंच. कुणी सांगतं घोडदळात होता, कुणी सांगतं तोफखान्यात. कुठनं आला विचारलं की मात्र, "लांबनं, उत्तरेकडनं" एवढ्यावर गाडी थांबते. गावाचं नाव नाही, पलटणीचं नाव नाही.

हा शोध लागू शकतो का? बऱ्याच घरांचा लागतो, निदान दोन-तीन पायऱ्या तरी. पण लोक सुरुवात उलटीकडून करतात. मोबाईलवर आडनाव टाकतात, काही सापडत नाही, मग सोडून देतात. शोध आपल्यापासून मागं मागं न्यायचा असतो.

शिरूरलाच एवढे शिपाई का?

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. इथं इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. 1809 साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर शिरूरला आहे. लोक त्याला 'सतपुरुष' मानून नवस बोलायचे, सुगीचं पहिलं धान्य तिथं ठेवायचे, असं इंग्रज काळातल्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय. परमुलखातून आलेला शिपाई गावाचा कसा होतो, त्याचा हा नमुनाच.

31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघाला आणि दुसऱ्या दिवशी, 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव भीमाला लढाई झाली. त्याच्याबरोबर मुंबई इलाख्याचं पायदळ होतं, पुणे घोडदळाचे स्वार होते आणि मद्रासच्या तोफखान्याचे गोरे गोलंदाज होते. पेशव्यांच्या बाजूनं मराठ्यांबरोबर अरब आणि गोसावीही लढले. म्हणजे दोन्ही बाजूंनी बाहेरची माणसं होती. तुमचा पूर्वज त्या काळातला असेल तर तो इंग्रजांच्याच चाकरीत असेल असं धरून चालू नका. पेशव्यांचा शिपाई असेल तर कागद एकीकडं, इंग्रजांचा असेल तर दुसरीकडं.

कोरेगावच्या स्तंभावरची नावं पडलेल्या आणि जखमी झालेल्या शिपायांची आहेत, लढलेल्या सगळ्यांची नाहीत. म्हणून तिथं नाव नाही याचा अर्थ तो लढाईत नव्हता, असा होत नाही.

पुढं पुणे घोडदळाचं ठाणं बरीच वर्षं शिरूरलाच होतं. त्यात स्वार आपला घोडा आपणच घेऊन यायचा, त्याला शिलेदार म्हणत. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. घरात यातला एखादा शब्द चालत आला असेल तर तो लिहून ठेवा, पूर्वज घोडदळात होता याची ती खूण आहे. आणि जुन्या कागदात 'परदेशी' दिसलं तर विलायतेचा समजू नका. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसाला इथं परदेशीच म्हणत.

आता याचा उपयोग काय?

हौस म्हणून तर आहेच. पण 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती आली, कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा जुन्या कागदाची किंमत सगळ्यांना कळली. बाहेरून आलेल्या घरांना तर ती जास्तच. कारण जातीच्या दाखल्यासाठी ठरलेल्या तारखेला घराणं महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातीसाठी ती तारीख 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967. "आमचे आजोबा इथलेच" असं तोंडानं सांगून पडताळणी समितीपुढं भागत नाही. पणजोबा कधी आले, पहिली जमीन कधी घेतली, आजोबा कुठल्या शाळेत गेले, याचा कागद लागतो. पोराच्या ॲडमिशनच्या आठवड्यात तो शोधायला निघालं तर उशीर झालेला असतो.

पहिली पायरी : घरातली पेटी आणि घरातली म्हातारी माणसं

आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा. सासरच्या माणसांची नावं, कुणाचं लग्न कुठं झालं, कुळदैवत कुठलं, मूळ गावाहून कोण पाहुणे यायचे, हे आजीला आणि आत्यांना गड्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. मध्ये तोडू नका, चूक वाटलं तरी दुरुस्त करू नका.

मग पेटी उघडा. पहिल्या महायुद्धाचं, म्हणजे 1914 ते 1918 चं मेडल असेल तर त्याची कड भिंगानं बघा. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात कोरलेली असते. तो नंबर आणि पलटण हीच पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली. मेडल चांदीचं असतं, म्हणून कित्येक घरांनी अडचणीत मोडीत घातलं. तुमच्याकडं उरलं असेल तर आजच दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा. तसंच मेडल काशाचं असेल तर पूर्वज हमाल, मजूर अशा कामाच्या तुकडीत असण्याची शक्यता मोठी. त्यात कमीपणा काही नाही, तोफेच्या टप्प्यात तेही होते.

साधारण बारा सेंटिमीटर रुंदीची काशाची गोल थाळी, त्यावर नाव आणि सिंहाचं चित्र, असं काही घरात असेल तर तो माणूस त्या युद्धाच्या चाकरीत वारला. ती थाळी मेलेल्या शिपायाच्या वारसालाच मिळायची. तिच्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव असतं.

दुसरी पायरी : गाव आणि तहसील

घरचं नाव कळलं की गावच्या दप्तरात या. काय बघायचं ते सांगतो.

जन्म-मृत्यूची नोंदवही म्हणजे गाव नमुना 14. याला कोतवाल बुकही म्हणतात. जुनी पुस्तकं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. माणूस बसऱ्याला किंवा फ्रान्सला मेला असेल तर त्याची मयत गावच्या वहीत मिळणार नाही, कारण तो गावात मेलाच नाही. भावाबहिणींच्या नोंदी आहेत आणि त्याची एकट्याची मयत नाही, तर तोही एक धागा समजा.

फेरफार म्हणजे गाव नमुना 6. पूर्वज गेल्यावर वारस लागले तो फेरफार काढा. वारसांची नावं, मयताची तारीख आणि शेरा नीट वाचा. घराण्यानं पहिली जमीन घेतली तो फेरफार सापडला तर ते घर इथं कधीपासून आहे याचा पक्का पुरावा हाती आला. बऱ्याच गावांचे जुने फेरफार, सातबारा आणि कडईपत्रकं शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. तिथं नसेल तर तहसीलमध्ये नकलेचा अर्ज करा.

प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. आजोबांचं नाव, जात, जन्मगाव, बापाचा धंदा अशा नोंदी यात मिळतात. शाळा जुनी असेल तर हे रजिस्टर सोन्यासारखं. मुसलमान घरांनी मशिदीतली निकाहाची वही आणि कबरीवरचे दगड बघावेत, ख्रिस्ती घरांनी चर्चची बाप्तिस्म्याची वही.

कागद मोडीत असला तर घाबरून परत येऊ नका. फोटो घ्या आणि जाणकाराकडून वाचून घ्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणणारी माणसं भेटतात. पेशव्यांच्या चाकरीतल्या शिपायाचा माग काढायचा तर पुणे पुरालेखागारातलं पेशवे दप्तर हीच जागा. पण तिथं कागदांचे हजारो रुमाल आहेत. सरदाराचं नाव, परगणा आणि साधारण साल हातात नसेल तर नुसत्या आडनावावर काही हाती लागत नाही.

तिसरी पायरी : पलटणीचे कागद

पलटणींची नावं आणि नंबर बदलत गेले, तिथं लोक चकतात. पहिल्या महायुद्धात 103, 105, 110, 114, 116, 117 अशा नंबरांच्या मराठा पलटणी होत्या. यातल्या 103, 110 आणि 117 इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला तिथली सगळी फौज शरण गेली. 1922 मध्ये या सहा पलटणींची मिळून एक रेजिमेंट झाली, तीच आजची मराठा लाइट इन्फंट्री. तिचं केंद्र बेळगावला. या पलटणींत दख्खनी मुसलमानही होते, त्यामुळं शेख, पठाण घरांनीही इथं बघावं. 111 महार ही पलटण 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट 1941 ची, तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला. पुणे घोडदळ म्हणजे आजचं पूना हॉर्स, ते आता रणगाड्यांचं दल आहे.

युद्धात मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं संकेतस्थळ आहे. शोध फुकट आहे. नाव इंग्रजीत टाकावं लागतं आणि स्पेलिंग वेगळं असतं, म्हणून नुसत्या नावावर अडून बसू नका. जादा माहितीचा रकाना आहे, त्यात पुण्याचं जुनं स्पेलिंग 'पूना' टाका. काही नोंदींत बापाचं नाव आणि गावही दिलेलं असतं. शिरूरला तेव्हा 'सिरूर' आणि दौंडला 'धोंड' लिहीत. दौंडचा भाग जुन्या कागदात भीमथडी तालुक्यात सापडतो. आणि शिरूर नावाची गावं बीड, लातूरकडंही आहेत, त्यामुळं जिल्हा बघितल्याशिवाय नाव आपलं म्हणू नका.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. पण तिथं गोऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचे पलटणीवार नुसते आकडे. अशा भेदभावाबद्दल या कमिशननं 2021 मध्ये माफी मागितली. तेव्हा स्मारकाच्या फोटोत पणजोबांचं नाव नाही म्हणून नाराज होऊ नका, संकेतस्थळावरच्या नोंदी वेगळ्या तपासा.

युद्धातून जिवंत परतलेल्याचा माग यापेक्षा अवघड. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे, नाव नोंदवून कागद बघता येतात. तिथं माणसाच्या नावापेक्षा पलटणीचं नाव आणि साल टाकून शोधलं तर बरं.

चौथी पायरी : मूळ गाव

पलटणीवरून मुलूख कळू शकतो. उदाहरणार्थ, पुणे घोडदळात पुढच्या काळात राजस्थानचे राठोड राजपूत आणि कायमखानी असायचे. गावाचं नाव हाती आलं की तीर्थाच्या ठिकाणी जा. त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार इथल्या उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या सह्या असतात. हरिद्वारला वही मूळ गाव आणि जात यावरून लागते, आजच्या आडनावावरून नाही. म्हणून ही पायरी शेवटी.

फसू नका

पैसे घेऊन वंशावळ 'बनवून' देणारे भेटतात. आडनाव सारखं म्हणून कुठल्याही सरदाराशी नातं जोडून देतात. असा कागद पडताळणीत टिकत नाही आणि घरात मात्र खोटी गोष्ट कायमची शिरते. प्रत्येक पिढीला बाप आणि मुलगा दोघांची नावं असलेला एक तरी कागद हवा. जिथं तो नाही तिथं वंशावळीत तशी रेघ मारून 'ऐकीव' लिहा. भरतीच्या कागदावरच्या जातीबाबतही सांभाळून. पलटणी वर्गवारीनं भरत, त्यात 'मराठा' म्हणून लिहिलेल्यांत कुणबीही असत. तो एकच कागद धरून निष्कर्ष काढू नका.

अजून एक काम गावानं मिळून करण्यासारखं आहे. कित्येक गावांत चावडीला किंवा वेशीला संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले, असे आकडे तिच्यावर असतात. रंगकामात, रस्ता रुंदीकरणात या पाट्या जातात. तुमच्या गावात असेल तर फोटो काढून ग्रामपंचायतीत द्या आणि त्या आकड्यातली माणसं कोणत्या घरची, हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून नावं लिहून घ्या. पाटीवर नावं नाहीत. ती फक्त त्यांच्याच ध्यानात आहेत.