फ्रिजमधला बर्फ पडेनासा झाला तर

उसाच्या पत्रिकेत फ्रिजचे काय काम, असे सभासद बंधू-भगिनी म्हणतील. पण आता आपल्या गावांतून घरोघर फ्रिज आहेत, काहींकडे आपोआप बर्फ पाडणारेही आले आहेत, आणि ते अडले की मेकॅनिक म्हणेल ती पूर्वदिशा. म्हणून आम्ही रत्नागिरीत पाहिले ते सांगतो.

मे महिन्यात एका कार्यासाठी आंबा घाट उतरून तिकडे गेलो होतो. आपल्या एका सभासदांची मुलगी मिरकरवाडा बंदराजवळ खानावळ चालवते. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे त्याआधी गिऱ्हाईक जोरात. नेमका तेव्हाच फ्रिजचा बर्फ थांबला. मासळीच्या बर्फाची लादी बंदरात मिळते, पण ती सोलकढीत घालायची नसते. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून २०१८ साली राज्यात त्याला निळा रंग घालण्याचा नियम झाला, तो याचसाठी. मेकॅनिकने सांगितले, "कॉम्प्रेसर गेला, नवा घाला." म्हणजे कित्येक हजारांचा फटका.

आम्ही फ्रीझर उघडून पाहिला. आतले मासे दगडासारखे कडक! कॉम्प्रेसर गेला असता तर आधी मासे मऊ पडले असते. थंडी आहे आणि बर्फ नाही, म्हणजे पाणी येत नाही. "काका, ऊस सोडून यातलंही कळतं का तुम्हांला?" ताईंनी विचारले. आम्ही म्हटले, ठिबक अडते तसेच हे आहे.

या यंत्राचे काम साधे आहे. विजेवर चालणारा एक लहान व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडतो, साच्यात पाणी पडते, ते गोठले की यंत्र खडे खाली पाडते आणि पुन्हा पाणी घेते. डबा भरला की एक दांडी वर उचलली जाते आणि काम थांबते. पिशवी अडकून दांडी वरच राहिली तरी यंत्राला डबा भरलाच वाटतो. तेव्हा पहिल्यांदा दांडी बघावी, खटका चालू आहे का बघावा. आमच्याकडे दोन्ही ठीक होते.

मग नळी सोडून बादलीत धरली. धार करंगळीएवढीही नाही. फिल्टर बसवल्यापासून बदललेलाच नव्हता. तो साधारण सहा महिन्यांनी बदलावा लागतो. काढून पाहिले तर धार थोडीच वाढली. खरी गोम पुढे निघाली. आधी थेट नळावर असलेली लाइन उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीवरच्या टाकीला जोडली होती. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, हा हिशेब ठिबकवाल्यांना पाठ आहे. टाकी जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे दाब जेमतेम ०.३ किलो. अशा व्हॉल्व्हला बहुधा किमान दीड किलोच्या आसपास लागतो. दाब कमी असला की व्हॉल्व्ह नीट मिटतही नाही, थेंब थेंब गळतो आणि भरणीच्या नळीतच बर्फाचा बुच बसतो. इथे तोही बसला होता.

असा बुच सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने कधीही टोचू नये. हल्लीच्या पुष्कळ घरगुती फ्रिजमध्ये थंडावा देणारा वायू पेट घेणारा असतो. नळी फुटली तर खेळ महागात पडेल. ज्योत तर जवळ नेऊच नये. प्लग काढावा, दार उघडे ठेवावे, कोमट पाण्याचे फडके लावावे. आम्ही तेच केले. लाइनवर छोटा बूस्टर पंप आणि नवा फिल्टर बसवला. खर्च कॉम्प्रेसरच्या मानाने किरकोळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खडे पडले. पहिले दोन घाणे ताईंनी फेकून दिले, ते योग्यच केले.

मात्र मासेच मऊ असते तर वाट वेगळी. फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास हवा. दाराच्या रबरात कागद धरून ओढावा, सहज निघाला तर रबर सैल. मागची जाळी धुळीने भरली असेल तर झाडावी. व्होल्टेज मोजावे, रात्री आपली मोटर उचलत नाही तसा कॉम्प्रेसरही उचलत नाही. एवढे ठीक असूनही थंडी नसेल, तेव्हाच मेकॅनिकला बोलवावे.

दाब मोजायला ठिबकचा गेज योग्य जोड लावून नळाला बसतो.