ट्री फाइफ झीरो

मुंबईहून नागपूरला निघालेल्या विमानाला नियंत्रकाचा आवाज येतो, ‘क्लाइंब फ्लाइट लेव्हल ट्री फाइफ झीरो’. हे ‘ट्री’ आणि ‘फाइफ’ म्हणजे बोबडेपणा नव्हे. खरखरत्या रेडिओवर आकडे वेगवेगळे ऐकू यावेत म्हणून ठरवून घेतलेले उच्चार आहेत ते. नऊलाही ‘नाइनर’च म्हणायचं. वैमानिक तोच आकडा परत म्हणून दाखवतो. याला रीडबॅक म्हणतात. तो चुकला तर नियंत्रकाने तिथल्या तिथे दुरुस्त करायचा.

३५० म्हणजे ३५,००० फूट. पूर्वेकडे जाणाऱ्याला ३३०, ३५० अशा विषम पातळ्या, नागपूरहून परतणाऱ्याला ३४०, ३६० अशा सम. मध्ये हजार फुटांचं अंतर. पण हे ३५,००० फूट मोजायचे कुठून? अल्टिमीटर उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजतो. म्हणून वर गेल्यावर सगळे जण तो १०१३.२५ हेक्टोपास्कल या एकाच ठरीव आकड्यावर लावतात. खरी उंची थोडी वेगळी निघेलही, पण गावातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे असली तरी सभेला कुणाला उशीर होत नाही, तसंच हे.

उतरताना मात्र हे चालत नाही, कारण डोंगर काही १०१३ मानत नाहीत. तिथे स्थानिक दाब लावायचा, तो ‘क्यूएनएच’. भर पावसाळ्यात मुंबईत हा दाब १००३ असला आणि वैमानिक तो लावायला विसरला, तर विमान काट्यापेक्षा जवळजवळ तीनशे फूट खाली असतं. आणि क्यूएनएच बरोबर लावला, की पुण्याच्या धावपट्टीवर उभ्या विमानातही काटा सुमारे १,९४० फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो!

शब्दांचा घोटाळा याहून वाईट. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ नियंत्रक एका मालवाहू बोइंग ७४७ला म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. त्याच्या मनात होते २,४०० फूट. वैमानिकांना तो ‘टू’ आकडा वाटलाच नाही; त्यांनी ‘फोर झीरो झीरो’ असा रीडबॅक दिला, तो कुणी अडवला नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघे गेले. नियमाप्रमाणे म्हणायला हवं होतं ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’. एका ‘थाउजंड’ने भागलं असतं.

दिल्लीजवळच्या चरखी दादरीला तर रीडबॅकही बरोबर होता. १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी कझाक विमानाला १५० पातळीपर्यंत उतरायची परवानगी होती, समोरून येणाऱ्या सौदी विमानाला १४०पर्यंत चढायची. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा आणि विमान चालवणारा वेगळा. बोललेला आकडा १५०, विमान त्याच्याही खाली गेलं. दोन्ही विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली.

त्यानंतर भारतात टक्कर टाळणारं टीकॅस यंत्र सक्तीचं झालं. यंत्र ‘क्लाइंब’ म्हणालं की नियंत्रक काहीही सांगत असला तरी वर जायचं, आणि रेडिओवर एवढंच कळवायचं, ‘टीकॅस आरए’. मग ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ऐकू येईपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाला उंचीचा एकही आकडा द्यायचा नाही.