मीठ तेवढंच, पाणी जास्त

रोज रंकाळ्यावर फेरी मारणाऱ्या आजींचा अचानक तोल जाऊ लागला, बोलता बोलता नावं सुटू लागली, की शिवाजी पेठेतच काय, कुठल्याही घरात एकच उत्तर मिळतं : वय झालं. पण महिन्याभरात नैराश्यावरची गोळी सुरू झाली असेल, तर आधी रक्तातलं सोडियम तपासावं.

एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही एसएसआरआय गटातली औषधं नैराश्यावर गुणकारी आहेत. मात्र काही ज्येष्ठांमध्ये ती घेतल्यावर व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त स्रवतं. मग लघवीवाटे जायचं पाणी मूत्रपिंडं अडवून धरतात. पांढऱ्या रश्श्यात तांब्याभर पाणी ओतलं, की मीठ तेवढंच राहून रस्सा अळणी लागतो. रक्ताचंही तसंच होतं. या बिघाडाचं पहिलं वर्णन १९५७ साली श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांत केलं.

लिटरभर रक्तद्रवात सोडियम १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असावं. ते उतरलं की पाणी पेशींत शिरतं आणि मेंदूच्या पेशी फुगतात. मळमळ, डोकेदुखी, ग्लानी आणि गोंधळ दिसतो. तोल जाऊन हाड मोडू शकतं. १२५च्या खाली घसरल्यास झटके येण्याची भीती वाढते. सुस्ती पाहून नैराश्यच बळावलं असं वाटतं आणि गोळीचा डोस वाढवला जाण्याचा धोका असतो.

धोका जास्त कोणाला? पासष्टी ओलांडलेल्यांना, त्यातही स्त्रियांना, कमी वजनाच्यांना आणि रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड घेणाऱ्यांना. ही औषधं बहुधा जोडगोळीत असतात, म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला हवं.

सोडियम कमी म्हणजे मीठ कमी, असं समजून ताटात मीठ वाढवणं किंवा 'अशक्तपणा आलाय' म्हणून तांब्यावर तांब्या पाणी पाजणं, दोन्ही चूकच. मिठाने रक्तदाब चढेल, पाण्याने सोडियम आणखी उतरेल. रुग्णालयातही ते सावकाश वाढवतात; घाईने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

गोळी मनाने बंद करू नका. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दोन ते चार आठवड्यांत सोडियमची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा आणि घरातल्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवा. गोंधळ, झटका किंवा न उतरणारी ग्लानी दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.