उच्च रक्तदाब : लक्षणांची वाट पाहू नये

हृदयविकार अकस्मात येतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याची पूर्वतयारी शरीरात अनेक वर्षे चाललेली असते. तिचे एक प्रमुख कारण उच्च रक्तदाब हे होय. या विकारात ताप येत नाही, बहुधा वेदना होत नाहीत आणि दैनंदिन कामातही खंड पडत नाही. त्यामुळे रोगी स्वतःस निरोगी समजतो व तपासणीस जात नाही.

हृदयाने ढकललेल्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो, त्यास रक्तदाब म्हणतात. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आणि ते सैल पडते तेव्हाचा खालचा, असे त्याचे दोन आकडे असतात. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास तो उच्च रक्तदाब समजला जातो. असा दाब दीर्घकाळ राहिल्यास धमन्या कठीण होतात, हृदयाचा स्नायू जाड होतो आणि मेंदू, मूत्रपिंडे व डोळे यांनाही इजा पोहोचते.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्या दीर्घ अभ्यासातून स्पष्ट झाला. ही कारणे आधी ओळखता येतात. म्हणूनच हा विकार पुष्कळ अंशी टाळता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ खावे. गोव्यात पावसाळ्यासाठी पुरुमेंत भरण्याची जुनी चाल आहे. खारे मासे, लोणची व मिठातल्या कैऱ्या हा त्या दिवसांतील घरचा आधार असतो. ही चाल सोडण्याचे कारण नाही. मात्र खारे मासे आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे, त्यांच्या कालवणात वेगळे मीठ घालू नये आणि खारे मासे, लोणचे व पापड एकाच जेवणात घेऊ नयेत. तंबाखू पूर्णपणे वर्ज्य करावी, मद्यपान टाळावे आणि आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपाझप चालावे.

असंसर्गजन्य रोगांविषयीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्या अन्वये शासकीय आरोग्य केंद्रांत ३० वर्षे व त्यांवरील व्यक्तींचा रक्तदाब व मधुमेह तपासला जातो. मापनापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू घेऊ नये. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा.

आकडे उतरले की अनेकजण गोळ्या बंद करतात. ही चूक घातक ठरू शकते. आकडे बहुधा गोळ्यांमुळेच उतरलेले असतात. त्या थांबविताच दाब पुन्हा वाढू लागतो, आणि पूर्वीप्रमाणेच कोणतीही सूचना न देता. डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषध कमी करू नये वा सोडू नये. छातीत दडपल्यासारखे वाटून दम लागल्यास, दरदरून घाम फुटल्यास, तोंड वाकडे झाल्यास किंवा हातातील शक्ती गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ग्रामपंचायतींनी तपासणीचा दिवस गावात आधी जाहीर करावा. शिक्षकांनी मुलांकरवी तो निरोप घरोघरी पोहोचवावा. घरातील कर्त्या माणसाने ‘मला काहीच होत नाही’ असे म्हणून तपासणी टाळू नये. काही होत नसतानाच ती करून घ्यावयाची असते.