काला अंबची माती, दिल्लीची हवा

काला अंब हे नाव मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ या एकाच दिवसासाठी ठाऊक असते. पानिपत शहराबाहेरचे ते स्मारक आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते आणि संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्रातून लोक तेथे माथा टेकायला जातात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र त्या मोहिमेतील नदीची बाजू नेहमीच अधिक बोलकी वाटत आली आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा जिंकला, तेव्हा यमुनेचे पाणी ओसरलेले नव्हते. शत्रू एवढ्यात नदी ओलांडणार नाही, हा हिशेब मराठ्यांच्या बाजूने गृहीत होता. महिनाअखेरीस अब्दालीने बागपतजवळून फौज पार नेली आणि तो मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. मराठ्यांची रसद तुटली ती त्यानंतर.

आज त्याच मातीत पाण्याचा प्रश्न जमिनीखाली गेला आहे. उपग्रहांनी टिपलेल्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदलांवरून २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाणा या पट्ट्याने सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल गमावले. त्याच वर्षी हरियाणाने भूजल राखण्यासाठी कायदा केला आणि १५ जूनपूर्वी भाताच्या लावणीस मनाई केली. कडक उन्हाळ्यात शेतात पाणी कोंडून ठेवण्यापेक्षा पावसाच्या तोंडावर लावणी व्हावी, हा त्यामागचा हेतू योग्यच होता.

परंतु लावणी पुढे गेली, तशी कापणीही पुढे गेली. गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करायला हाती राहिलेले दिवस कमी झाले आणि पेंढा जाळण्याचे प्रमाण नोव्हेंबरच्या आरंभी एकवटले. नेमका तो काळ वारा मंदावण्याचा आणि थंड हवा जमिनीलगत साचून राहण्याचा. २०१९ साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकातील अभ्यासाने या बदलामुळे हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज मांडला. पाणी वाचवणाऱ्या कायद्याची किंमत अशा रीतीने फुप्फुसांना मोजावी लागली.

हे कोणाच्या दुष्ट हेतूने घडले नाही. प्रशासनात मी पाहिले आहे की पाण्याची फाइल एका खात्यात असते, पिकाची दुसऱ्या आणि हवेची तिसऱ्या. तिन्ही एकाच टेबलावर क्वचितच येतात. पाणी, पीक आणि हवा यांना जोडणारे ज्ञान तयार होते ते जेथे भूशास्त्र, कृषिशास्त्र आणि वातावरणशास्त्राचे लोक एका छताखाली वावरतात तेथे, म्हणजे विद्यापीठात. वर उल्लेखिलेल्या अभ्यासांत अनुक्रमे कॅलिफोर्निया आणि कॉर्नेल या अमेरिकी विद्यापीठांचे संशोधक होते. दुसऱ्यात भारतीय संशोधकही होते. प्रश्न बुद्धिमत्तेचा नाही, व्यवस्थेचा आहे.

व्यवस्था जुळली की काय होते, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुलोचना गाडगीळ आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील डी. आर. सिक्का यांनी १९८० साली उपग्रहचित्रांच्या आधारे दाखवले की, मोसमी ढगांचे पट्टे विषुववृत्तीय हिंदी महासागरावरून वारंवार उत्तरेकडे सरकतात. मोसमी पावसाची उघडीप आणि पुनरागमन समजून घेण्यात हा शोधनिबंध पायाभूत ठरला. एकाकडे अध्यापनाची परंपरा होती, दुसऱ्याकडे निरीक्षणांची; दोन्ही एकत्र आल्या.

आज मात्र पैशाचा ओघ एकाच बाजूला आहे. २०२०-२१ मध्ये संशोधनावरील देशाचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा जेमतेम ९ टक्के. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांत २,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. रडार आणि महासंगणक हवेतच. पण त्यांतून येणारी आकडेवारी वाचणारे विद्यार्थी कोण घडवणार?

अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी २०२३-२८ या काळात ५०,००० कोटींचे लक्ष्य ठेवले आहे. त्यातील मोठा भाग सरकारबाहेरून यायचा आहे. उद्योगांचा पैसा भूजल, धुके वा पेंढ्याकडे आपणहून वळेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. राज्य विद्यापीठांना या विषयांत किमान दहा वर्षांचे निधीचे आश्वासन मिळावे, कारण भूजल आणि हवामान तीन वर्षांच्या प्रकल्पात कळत नाही. सरकारी संस्थांची निरीक्षणे विद्यार्थ्यांना अर्जविनंत्यांशिवाय मिळावीत. आणि कृषी वा जलविषयक कायद्याच्या मसुद्यासोबत विद्यापीठाचे परिणाम-टिपण अनिवार्य व्हावे. २००९ साली असे एक टिपण मंत्रिमंडळापुढे असते, तर लावणीच्या तारखेबरोबर पेंढ्याच्या विल्हेवाटीचीही तरतूद त्याच कायद्यात करता आली असती.