गुप्तलिपींच्या मुलखात – लेखांक ११ : हवेतले आकडे

६ फेब्रुवारी १९९९ रोजी शॉर्टवेव्हवर ७८८७ किलोहर्ट्झला एका बाईचा आवाज उमटला. स्पॅनिशमध्ये ‘आतेन्सिओन, आतेन्सिओन’ असं बजावून ती आकडे वाचू लागली. ३०१०७, २४६२४ आणि असेच पुढे, पाच-पाच आकड्यांचे एकूण दीडशे गट. ना केंद्राचं नाव, ना बातमी, ना गाणं.

अडीच वर्षांनी हेच आकडे, याच क्रमाने, एफबीआयच्या प्रतिज्ञापत्रात आले. आना बेलेन मॉन्तेस या अमेरिकेच्या संरक्षण गुप्तवार्ता खात्यात क्युबा या विषयाच्या वरिष्ठ विश्लेषक होत्या आणि गुपचूप क्युबासाठीच हेरगिरी करत होत्या. त्यांच्या घरातल्या तोशिबा लॅपटॉपच्या डिस्कची नक्कल एफबीआयने गुपचूप करून घेतली होती. काम झालं की फाइल कायमची पुसून टाका, अशी हवानाची सक्त सूचना होती. ती पुरती पाळली गेली नव्हती. पुसलेलं बरंच काही डिस्कवर मागे राहिलं होतं, त्यात हे दीडशे गटही होते. २१ सप्टेंबर २००१ रोजी मॉन्तेस यांना अटक झाली, पुढे २५ वर्षांची शिक्षा झाली. डिस्कवरचे आकडे प्रक्षेपणाशी जुळवता आले, कारण १९९९च्या त्या दिवशी तिऱ्हाइताला निरर्थक वाटणारे आकडे कुणीतरी ऐकून, तारीख-वेळेसह जपून ठेवले होते.

गेल्या वेळी आपण यंत्रांच्या चाकांनी घडवलेली गुप्तलिपी पाहिली. ती गणिताने फुटली. आजची गणितालाही फुटत नाही, आणि तिची मांडणी मात्र तिसरीतल्या मुलाला जमेल इतकी सोपी आहे. समजा, मूळ संदेशाचे आकडे २७४१५ आहेत. पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडे यादृच्छिक आकड्यांची एकसारखी वही आहे आणि तिच्या पानावरचा पुढचा गट ९०६३८ आहे. आता हातचा न धरता बेरीज करायची. दोन अधिक नऊ अकरा, त्यातला एकच लिहायचा. उत्तर येतं १७०४३, आणि तेवढंच हवेत जातं. ऐकणारा वहीतला गट तसाच वजा करतो आणि २७४१५ परत मिळवतो. पान जाळलं की काम संपलं.

आता वही नसलेल्याची अवस्था बघा. तो अंदाजाने किल्ली ३४९४७ धरेल, तर त्याला संदेश मिळेल ८३१०६. दुसरी किल्ली धरली की तिसराच संदेश. एक लाख किल्ल्या, एक लाख संदेश, आणि त्यातला खरा कोणता हे सांगणारी एकही खूण नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हे सिद्ध केलं. अटी चारच : किल्ली खरोखर यादृच्छिक हवी, संदेशाइतकीच लांब हवी, एकदाच वापरायला हवी आणि गुप्त राहायला हवी. म्हणून अशा केंद्राचे आकडे आपण संगणकावर फोडले असं कुणी सांगितलं, तर वही कुठून मिळाली एवढंच त्याला विचारावं.

पण मग यासाठी शॉर्टवेव्हच का? कारण ही दवंडी आहे. अख्ख्या गावाने ऐकली तरी ती नेमकी कुणासाठी होती ते कळत नाही. ईमेल आणि फोन मागे माग ठेवतात, रेडिओ ऐकणारा काहीच ठेवत नाही. शिवाय ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरांवरून परततात आणि हजारो किलोमीटर दूर उतरतात. पंचवीस आणि एकेचाळीस मीटरवर रेडिओ सिलोन शोधत ज्यांनी काटा फिरवला आहे, त्यांना या लहरींची धाव वेगळी सांगायला नको.

मजकूर वाचता येत नाही हे ठाऊक असूनही या केंद्रांच्या मागे लागणारे हौशी श्रोते जगभर आहेत. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. १९९३ साली युरोपातल्या अशा मंडळींनी ‘एनिग्मा’ नावाचा गट केला आणि प्रत्येक केंद्राला खूण दिली. इंग्रजीसाठी ई, जर्मनसाठी जी, स्लाव्ह भाषांसाठी एस, मोर्ससाठी एम. ‘ई०३’ म्हणजे ‘लिंकनशर पोचर’. त्या नावाच्या इंग्रजी लोकगीताची छोटीशी सुरावट वाजायची, मग एक बाई इंग्रजीत पाच-पाच आकडे वाचायची आणि प्रत्येक गटाचा शेवटचा आकडा वरच्या पट्टीत जायचा. सत्तरच्या दशकापासून २००८पर्यंत हे चाललं. हौशी लोकांनी दिशा मोजून हे प्रक्षेपण सायप्रसमधल्या अक्रोतिरी या ब्रिटिश हवाई तळावरून होतं असं दाखवलं. ब्रिटिश सरकारने केंद्राची मालकी कधीच मान्य केली नाही.

दिशा मोजायची पद्धत आता आणखी नेमकी झाली आहे. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. जीपीएसने घड्याळं जुळवलेले तीन-चार दूरदूरचे रिसीव्हर घेतले, एकच आवाज कुठे किती आधी पोचला ते पाहिलं, की केंद्राची जागा नकाशावर बरीच जवळ येते. कधी केंद्र स्वतःच चुकतं. आकडे वाचणाऱ्या त्या स्पॅनिश बाईच्या फ्रीक्वेन्सीवर मधेच ‘रेडिओ हवाना क्युबा’चा कार्यक्रम ऐकू आला. मालक कोण, हे मग वेगळं शोधावं लागलं नाही.

क्युबाचे संदेश उघडले गेले तेही दारातून आत शिरूनच. मायामीत क्युबाच्या हेरांचं ‘वास्प’ नावाचं जाळं होतं. १९९५ साली एफबीआयने त्यातल्या एकाच्या घरात शिरून आकडे उलगडणारा संगणकीय प्रोग्रॅम उतरवून घेतला. १९९८मध्ये अटका झाल्या आणि खटल्यात उलगडलेले संदेश मांडले गेले. एकात महिलादिनानिमित्त महिला सहकाऱ्यांचं अभिनंदन होतं. दुसऱ्यात दोन हेरांना बजावलं होतं, की २४ ते २७ तारखेदरम्यान ‘ब्रदर्स टू द रेस्क्यू’ या क्युबन निर्वासितांच्या संघटनेच्या विमानातून अजिबात उडू नका. २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्युबाच्या लढाऊ विमानांनी या संघटनेची दोन छोटी विमानं पाडली. चार माणसं मेली. एवढं वाचल्यावर मला ते आकडे करमणुकीचं कोडं म्हणून ऐकता येत नाहीत.

तुम्हाला स्वतः ऐकायचं असेल तर एसएसबी (सिंगल साइडबँड) ऐकण्याची सोय असलेला छोटा रेडिओ आणि गच्चीवर ताणलेली दहा मीटर तार पुरते. तेही नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांना खुला आहे. रात्री ४ ते ८ मेगाहर्ट्झमध्ये शोधा, दिवसा त्याच्या वर. दिवसा वातावरणाचा खालचा थर कमी फ्रीक्वेन्सी शोषून घेतो. सापडलं तर तारीख, फ्रीक्वेन्सी, भाषा आणि पहिले दोन गट लिहून ठेवा. वेळ यूटीसीमध्ये लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. रात्रीचे साडेनऊ म्हणजे १६००. जगभरचे श्रोते याच वेळेत नोंदी ठेवतात, तुमची नोंद त्यांच्या नोंदींशी लगेच ताडून पाहता येईल.

एकदाच वापरायची वही सोव्हिएत हेरखात्याने युद्धाच्या घाईत दोनदा छापली, तेव्हा काय झालं, ते पुढच्या आठवड्यात.